मृगातील तेजोमेघ : डोळ्यांना राखाडी, कॅमेऱ्याला तांबडा

मृग नक्षत्र संध्याकाळी पूर्वेला दिसू लागले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय जवळजवळ ठरलेला असतो. मृगाच्या पोटात घुसलेल्या बाणाच्या तीन ताऱ्यांच्या दक्षिणेला अंधूक ताऱ्यांची एक छोटी ओळ दिसते आणि त्या ओळीतील मधला ‘तारा’ किंचित धूसर भासतो. तोच एम ४२ (मेसिए यांच्या यादीतील ४२ वा) हा तेजोमेघ. सुमारे १,३५० प्रकाशवर्षे अंतरावर असलेला हा वायूचा आणि धुळीचा मेघ आजही नवे तारे घडवत आहे, आणि या प्रकारच्या मेघांपैकी नुसत्या डोळ्यांनी इतका सहज दिसणारा दुसरा मेघ क्वचितच सापडेल. यंदाच्या पत्रांत निरीक्षणाविषयी आणि छायाचित्रणाविषयी अनेक चांगले प्रश्न आले आहेत. एकमेकांशी जोडलेले प्रश्न निवडून त्यांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : आठ इंची परावर्ती दुर्बिणीतून मी एम ४२ पहिल्यांदाच पाहिला. छायाचित्रांत तो तांबडा-गुलाबी असतो, मला मात्र राखाडी धुरासारखा पुंजका दिसला. दोष दुर्बिणीचा आहे की माझ्या डोळ्यांचा?

दोष कोणाचाच नाही. तुम्ही जे पाहिले ते बरोबर पाहिले आहे. मात्र असे का घडते हे समजून घेतले, तर पुढच्या वेळी त्याच दुर्बिणीतून तुम्हाला पुष्कळ अधिक दिसेल.

तेजोमेघाच्या गाभ्यात चार तेजस्वी ताऱ्यांचा एक लहानसा चौकोन आहे. त्याला ट्रॅपेझियम म्हणतात. त्यातील सर्वांत तेजस्वी तारा, थीटा-१ ओरायनिस सी, इतका तप्त आहे की त्याच्या पृष्ठभागाचे तापमान ४०,००० केल्विनच्या आसपास जाते (आपल्या सूर्याचे सुमारे ५,८०० केल्विन आहे). अशा ताऱ्याचा बराचसा प्रकाश अतिनील असतो आणि तो भोवतालच्या हायड्रोजनच्या अणूंमधून इलेक्ट्रॉन उखडून काढतो. सुटलेले इलेक्ट्रॉन पुन्हा प्रोटॉनांशी जुळतात तेव्हा ते पायरीपायरीने खालच्या ऊर्जापातळीवर उतरतात, आणि तिसऱ्या पातळीवरून दुसरीवर येताना ६५६.३ नॅनोमीटर तरंगलांबीचा गडद तांबडा प्रकाश बाहेर टाकतात. हायड्रोजन-अल्फा म्हणतात ती रेषा हीच. छायाचित्रांतला तांबडा रंग प्रामुख्याने तिचा असतो.

आता डोळ्यांकडे वळू. अंधारात आपण दृष्टिपटलावरील दंडपेशींच्या आधाराने पाहतो. या पेशींना रंग कळत नाही. त्यांची संवेदनक्षमता ५०० नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक असते आणि ६५६ नॅनोमीटरला त्या जवळजवळ आंधळ्या असतात. म्हणजे मेघातील सर्वांत जोरकस तांबडा प्रकाश तुमच्या डोळ्यांत शिरतो, पण तो टिपणारे तेथे कोणी नसते. तुम्हाला दिसतो तो मुख्यतः दोनदा आयनीभूत झालेल्या, म्हणजे दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या, ऑक्सिजनचा ५००.७ आणि ४९५.९ नॅनोमीटरचा हिरवा-निळा प्रकाश, आणि त्याच्या जोडीला हायड्रोजन-बीटाचा ४८६.१ नॅनोमीटरचा प्रकाश.

या हिरव्या रेषांचा इतिहास मला स्वतःला फार प्रिय आहे. विल्यम हगिन्स यांनी १८६४ मध्ये कालेय तारकासमूहातील एका तेजोमेघाकडे वर्णपटदर्शक वळवला, तेव्हा त्यांना ताऱ्यांसारखा सलग वर्णपट न दिसता मोजक्या तेजस्वी रेषा दिसल्या, आणि असे मेघ वायूचे असतात हे त्यातून सिद्ध झाले. परंतु सर्वांत ठळक हिरव्या रेषा पृथ्वीवरील कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी जुळेनात, म्हणून ‘नेब्युलियम’ नावाचे नवेच मूलद्रव्य कल्पिले गेले. १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी दाखवून दिले की हा साधा ऑक्सिजनच आहे. मेघातील वायू इतका विरळ आहे की उत्तेजित झालेल्या आयनाला दुसऱ्या कणाचा धक्का न लागता सुमारे अर्धा मिनिट तसेच राहता येते आणि मग तो सावकाश आपला हिरवा प्रकाश सोडतो. प्रयोगशाळेतील दाट वायूत त्याला तेवढी उसंत कधीच मिळत नाही. तुम्ही पाहिलेला राखाडी पुंजका म्हणजे हा प्रकाश होता, आणि म्हणून ‘नुसते राखाडी दिसले’ असे म्हणून तो बाजूला सारू नये.

आता पाहायचे कसे ते सांगतो. अंधाराला डोळे सरावण्यासाठी किमान २० ते ३० मिनिटे द्या. या काळात मोबाइलकडे एकदा जरी पाहिले तरी वेळ पुन्हा पहिल्यापासून मोजावी लागते. प्रकाश लागलाच तर मंद तांबडा वापरा. सुरुवात कमी वर्धनाच्या आयपीसने (डोळ्याशी येणाऱ्या भिंगाने) करा, कारण एम ४२ चा विस्तार सुमारे एक अंश, म्हणजे पूर्ण चंद्राच्या व्यासाच्या दुप्पट आहे. त्यानंतर नजर मेघाच्या मध्यावर न रोखता किंचित बाजूला ठेवा. दृष्टिपटलाच्या अगदी मध्यभागी दंडपेशी नसतात, त्या कडेला दाट असतात. म्हणून थेट पाहताना विरणारी कड तिरक्या नजरेने पाहताना पुन्हा उमटते.

अशा रीतीने दहा मिनिटे आयपीसशी बसलात तर मेघ हळूहळू उलगडतो. गाभ्यातून दोन्ही बाजूंना पंखांसारख्या कमानी पसरलेल्या दिसतात. ट्रॅपेझियमच्या दिशेने एक काळी खाच आत घुसलेली दिसते. निरीक्षक तिला ‘माशाचे तोंड’ म्हणतात, आणि ती आपल्या व तेजस्वी गाभ्याच्या मधे असलेल्या दाट, धुळकट वायूची सावली आहे. या काळ्या पट्ट्याच्या पलीकडे स्वल्पविरामाच्या आकाराचा एक वेगळा ठिपका आहे, तो एम ४३. मग वर्धन शंभर-दीडशेपर्यंत वाढवा आणि ट्रॅपेझियमचे चार तारे सुटे करा. हवा स्थिर असलेल्या रात्री आठ इंची दुर्बिणीतून तेथे पाचवा आणि सहावा ताराही दिसायला हवा. गाभा पुरेसा तेजस्वी असल्याने रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी थोड्या जाग्या होतात आणि काळोख्या आकाशाखाली तेथे हिरवट छटा जाणवते. दुर्बीण जितकी मोठी तितकी ती छटा अधिक जणांना दिसते.

दुर्बीण मोठी घेतल्याने मेघाचे पृष्ठतेज, म्हणजे त्याच्या ठरावीक क्षेत्रफळातून येणारे तेज, वाढेल, हा समज मात्र मनातून काढून टाका. पसरट वस्तूचे पृष्ठतेज कोणत्याही दुर्बिणीतून नुसत्या डोळ्यांना दिसते त्याहून अधिक होत नाही. मोठी दुर्बीण तेच तेज राखून प्रतिमेचा आकार वाढवते, आणि मोठ्या प्रतिमेतील फिकट तपशील मेंदूला ओळखता येतो.

शेवटची विनंती अशी की पेन्सिल आणि कागद जवळ ठेवा. ख्रिस्तियान हायगेन्स यांनी १६५६ मध्ये हा मेघ पाहून त्याचे रेखाटन केले होते. आज रेखाटनाची गरज नोंदीसाठी उरलेली नाही, पण जो भाग कागदावर उतरवायचा असतो तो डोळा अधिक निगुतीने पाहतो.

प्रश्न : पाहण्यासाठी फिल्टर घ्यावा का? घ्यावा तर कोणता?

तेजोमेघांसाठीचे यूएचसी आणि ओ-थ्री हे फिल्टर ऑक्सिजनच्या वरील दोन रेषा जाऊ देतात आणि आकाशाचा बराचसा उजेड अडवतात. यूएचसी हायड्रोजन-बीटाही जाऊ देतो, म्हणून एकच घ्यायचा असेल तर मी यूएचसी सुचवीन. फिल्टर मेघाला उजळ करत नाही. भोवतालचे आकाश काळे करतो आणि त्यामुळे मेघ उठून दिसतो. एम ४२ फिल्टरविनाही उत्तम दिसतो. फिल्टरचा खरा उपयोग एकशृंगी तारकासमूहातील रोझेट तेजोमेघासारख्या फिकट मेघांसाठी होतो. हायड्रोजन-अल्फाचा फिल्टर डोळ्यांनी पाहण्यासाठी कधीही घेऊ नका. कारण वर आलेच आहे.

प्रश्न : माझ्याकडे साधा डीएसएलआर, ५० मिलिमीटरची लेन्स आणि तिपाई आहे. एवढ्यावर तेजोमेघाचे छायाचित्र मिळेल का?

मिळेल, आणि ते तुम्हाला वाटते त्याहून चांगले मिळेल. हेन्री ड्रेपर यांनी ३० सप्टेंबर १८८० रोजी याच मेघाचे छायाचित्र घेतले. तेजोमेघाचे ते पहिले छायाचित्र होते. त्यासाठी त्यांना ११ इंची दुर्बीण आणि ५१ मिनिटांचे एक्स्पोजर लागले. तुमच्या कॅमेऱ्यातील सेन्सर त्यांच्या काचपट्टीपेक्षा कितीतरी अधिक संवेदनशील आहे.

अडचण एकच, पृथ्वीच्या परिवलनामुळे आकाश दर सेकंदाला सुमारे १५ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) सरकते आणि तारे रेघेसारखे ओढले जातात. ५०० ला लेन्सच्या नाभीय अंतराने भागावे असा जुना ठोकताळा आहे, त्यानुसार ५० मिलिमीटरला १० सेकंद येतात. पण तो फिल्मच्या काळातला आहे. आजच्या बारीक पिक्सेलांसाठी आणि लहान सेन्सरसाठी त्याच्या निम्म्याहून थोडे कमी, म्हणजे ४ सेकंद, धरावे. छिद्र एफ २.८ च्या आसपास, आयएसओ १६०० आणि फाइल रॉ ठेवा. अशा २०० ते ३०० फ्रेम सलग घ्या. दर काही मिनिटांनी मृग चौकटीच्या मध्यावर परत आणायला विसरू नका. डीपस्कायस्टॅकर किंवा सिरिल या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्ये त्या एकमेकींवर रचल्या की चार-चार सेकंदांचे तुकडे मिळून १५-२० मिनिटांचे छायाचित्र तयार होते.

फोकसबाबत हयगय करू नका. लेन्सवरील अनंताच्या खुणेवर विसंबू नका. व्याध किंवा राजन्य यांसारखा तेजस्वी तारा लाइव्ह व्ह्यूमध्ये दहापट मोठा करा, तो कमीत कमी आकाराचा बिंदू होईपर्यंत फोकस फिरवा, आणि मग रिंगवर चिकटपट्टी लावा. ती पट्टी न लावल्यामुळे वाया गेलेल्या रात्री प्रत्येक छायाचित्रकाराच्या खात्यात असतात.

प्रश्न : ट्रॅकिंग माउंटवर ४०० मिलिमीटरच्या लहान दुर्बिणीतून छायाचित्रे घेतो. बाहेरचे पदर यावेत म्हणून एक्स्पोजर वाढवले की मधला भाग पांढरा फट्ट पडतो आणि ट्रॅपेझियम दिसेनासा होतो. उपाय काय?

एम ४२ चे छायाचित्रण वरवर सोपे वाटते, पण खरी कसोटी येथेच लागते. गाभा आणि सर्वांत बाहेरचे धुळकट पदर यांच्या तेजात हजारपटींहून अधिक फरक आहे. एकाच एक्स्पोजरमध्ये दोन्ही नीट टिपणे सेन्सरला सहसा जमत नाही, म्हणून वेगवेगळ्या लांबीच्या एक्स्पोजरचे तीन संच घेऊन ते नंतर एकत्र करावे लागतात.

एफ ५ ची दुर्बीण, आयएसओ ८०० आणि बऱ्यापैकी काळोखे आकाश असेल तर सुरुवात अशी करा : १८० सेकंदांच्या ४० फ्रेम बाहेरच्या पदरांसाठी, ३० सेकंदांच्या ३० फ्रेम कमानींसाठी, आणि ३ ते ५ सेकंदांच्या ३० फ्रेम गाभ्यासाठी. हे आकडे सुरुवात म्हणून घ्या, नियम म्हणून नव्हे. पहिली छोटी फ्रेम घेतल्यावर कॅमेऱ्याच्या पडद्यावर गाभा मोठा करून पाहा. चार तारे सुटे दिसले आणि त्यांच्या भोवतीचा वायू पांढरा झाला नसला, तर एक्स्पोजर बरोबर आहे. चार तारे एक होऊन गेले असतील तर ते आणखी निम्मे करा.

प्रत्येक संच वेगळा रचावा, तिन्ही प्रतिमा एकाच प्रतिमेशी जुळवून घ्याव्यात, आणि मग लांब एक्स्पोजरमधील जळालेल्या जागी छोट्या एक्स्पोजरमधील माहिती मऊ कडेच्या मास्कने आणावी. येथे अनेकांचा हात घसरतो. गाभा इतका दाबला जातो की तो बाहेरच्या पदरांएवढाच मंद दिसू लागतो आणि मेघ सपाट, निर्जीव होतो. गाभा सर्वांत तेजस्वी दिसलाच पाहिजे, कारण तो तसा आहे. त्यात तपशील राखायचा आहे, त्याचे तेज हिरावून घ्यायचे नाही.

तुमच्या साधनांचा मेळ बरोबर आहे का, हेही एकदा तपासा. पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घेऊन त्याला २०६ ने गुणावे आणि नाभीय अंतराच्या मिलिमीटरने भागावे. ३.७६ मायक्रॉनचा पिक्सेल आणि ४०० मिलिमीटर असतील तर एका पिक्सेलला सुमारे १.९ विकला येतात, जे या मेघासाठी फार चांगले आहे. एपीएस-सी आकाराच्या सेन्सरवर सुमारे ३.४ बाय २.३ अंशांचे आकाश मावेल, म्हणजे एम ४२ च्या उत्तरेला असलेला निळसर परावर्तन तेजोमेघ, एनजीसी १९७७, सुद्धा चौकटीत येईल. तो अवश्य घ्या. तांबड्या उत्सर्जनाशेजारी धुळीवरून परावर्तित झालेला निळा प्रकाश पाहिला की दोन्ही प्रकारच्या मेघांतील फरक वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

प्रश्न : कॅमेऱ्यातील आतला फिल्टर काढून घ्यावा, असा सल्ला मला मिळाला. ते आवश्यक आहे का?

साध्या कॅमेऱ्यात सेन्सरसमोर जो फिल्टर असतो तो त्वचेचे आणि पानांचे रंग नैसर्गिक दिसावेत म्हणून गडद तांबडा प्रकाश मोठ्या प्रमाणात कापतो. हायड्रोजन-अल्फाचा साधारण पाव भागच त्यातून पार होतो. शिवाय रंगीत सेन्सरवरील चार पिक्सेलांपैकी एकच तांबड्यासाठी असतो. त्यामुळे फिल्टर बदलून घेतल्यास उत्सर्जन तेजोमेघांच्या, म्हणजे स्वतःच्या वायूच्या प्रकाशाने चमकणाऱ्या मेघांच्या, बाबतीत फरक लगेच दिसतो.

तरीही पहिल्या वर्षी कॅमेरा उघडू नका. एम ४२ बदल न केलेल्या कॅमेऱ्यातही सुंदर येतो, कारण त्यात ऑक्सिजनचा आणि परावर्तित प्रकाशाचा वाटा मोठा आहे. फोकस, ट्रॅकिंग, रचना आणि प्रक्रिया हे चारही हातात बसले, आणि रोझेट किंवा हंस तारकासमूहातील नॉर्थ अमेरिका तेजोमेघाकडे मन ओढू लागले, की मग हा निर्णय घ्या.

प्रश्न : माझ्या गच्चीवरून आकाश कायम उजळलेले असते. तेथून छायाचित्र घेण्यात अर्थ आहे का?

उत्सर्जन तेजोमेघांच्या बाबतीत नक्कीच आहे. दीर्घिकांचा प्रकाश सगळ्या वर्णपटावर पसरलेला असतो, पण उत्सर्जन तेजोमेघाचा प्रकाश मोजक्या अरुंद रेषांत एकवटलेला असतो. हायड्रोजन-अल्फा आणि ओ-थ्री या दोनच पट्ट्या जाऊ देणारा ड्युअल नॅरोबँड फिल्टर रंगीत कॅमेऱ्यापुढे लावला की आकाशाचा बहुतेक उजेड अडतो आणि मेघाचा प्रकाश जवळजवळ पूर्ण येतो.

पूर्वी सोडियमच्या दिव्यांचा पिवळा प्रकाश ५८९ नॅनोमीटरच्या आसपास एकवटलेला असे, त्यामुळे साधे प्रकाशप्रदूषणविरोधी फिल्टरही चांगले काम करीत. एलईडी दिव्यांचा प्रकाश सलग पसरलेला असल्याने ते जुने फिल्टर आता फारसे उपयोगी पडत नाहीत. चंद्राच्या उजेडातही नॅरोबँड चालते, पण ओ-थ्रीला चंद्रप्रकाशाचा त्रास हायड्रोजन-अल्फापेक्षा जास्त होतो. म्हणून चंद्र असलेल्या रात्री तांबड्या रेषेसाठी ठेवाव्यात.

एक इशारा देतो. नॅरोबँड फिल्टरने एनजीसी १९७७ चा निळा प्रकाश आणि मेघाभोवतीची तपकिरी धूळ जवळजवळ नाहीशी होते. म्हणून एम ४२ साठी वर्षातून एकदा तरी काळोख्या जागी जाऊन फिल्टरविना छायाचित्र घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : एकूण किती तासांचे एक्स्पोजर पुरेसे? आणि डार्क, फ्लॅट वगैरे खरोखर लागतात का?

संकेताचे गोंगाटाशी असलेले गुणोत्तर एकूण वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात सुधारते. एका तासाचे चार तास केले तर प्रतिमा दुप्पट स्वच्छ होते, आणि त्याहून दुप्पट हवी असेल तर सोळा तास लागतात. एम ४२ च्या तेजस्वी भागाला दोन तास भरपूर झाले. बाहेरची धूळ हवी असेल तर आठ-दहा तासांची तयारी ठेवा आणि ते अनेक रात्रींत विभागा. साधने बदलण्यापूर्वी वेळ वाढवून पाहावा. छायाचित्र ज्या कारणाने कच्चे राहते ते कारण बहुतेक वेळा वेळेची काटकसर हेच असते.

फ्लॅटबद्दल, म्हणजे सेन्सरवरील धुळीचे डाग काढण्यासाठी समान उजेडात घेतलेल्या फ्रेमबद्दल, मी आग्रही आहे. सेन्सरच्या काचेवर बसलेला धुळीचा एक कण छायाचित्रात करड्या कड्यासारखा उमटतो. प्रतिमा ताणली, म्हणजे तिचे फिकट भाग उजळवले, की ते कडे नेमके मेघाच्या फिकट पदरात येऊन बसते आणि तो तपशील खरा की खोटा हे मग सांगता येत नाही. सत्र संपल्यावर, कॅमेरा न फिरवता आणि फोकस न हलवता, दुर्बिणीच्या तोंडावर पांढरे कापड ताणून समान उजेडात २०-३० फ्रेम घ्या. हिस्टोग्रामचे (कॅमेऱ्यातील उजेडाच्या आलेखाचे) शिखर साधारण मध्यावर असू द्या. पाच मिनिटांचे काम आहे. मेघाच्या फ्रेमच्याच एक्स्पोजरला, त्याच आयएसओला आणि शक्यतो त्याच तापमानाला झाकण लावून घेतलेले डार्क तप्त पिक्सेल काढतात. दर काही फ्रेमनंतर चौकट चार-सहा पिक्सेल सरकवण्याची, म्हणजे डिदरिंगची सवय लावली तर उरलेला ठरावीक गोंगाटही रचनेत विरून जातो.

आणि दवाकडे लक्ष ठेवा. एकदा मी पहाटेपर्यंत फ्रेम घेतल्या आणि सकाळी त्या एकेक उघडून पाहू लागलो. पहिल्या दीड तासातल्या फ्रेममध्ये तारे टाचणीच्या टोकासारखे होते. त्यानंतर प्रत्येक ताऱ्याभोवती धूसर वलय दिसू लागले आणि पुढच्या प्रत्येक फ्रेममध्ये ते वाढत गेले. पुढच्या भिंगावर दव साचत होते आणि मी संगणकाच्या पडद्यावर फक्त ट्रॅकिंगचा आलेख पाहत होतो. तेव्हापासून भिंगाभोवती गरम पट्टी बांधल्याशिवाय मी पहिली फ्रेम घेत नाही, आणि दर अर्ध्या तासाने एक फ्रेम मोठी करून पाहतो.

प्रश्न : हबल दुर्बिणीच्या चित्रांत मेघ सोनेरी-निळे असतात, हौशी छायाचित्रकारांचे लाल, तर कोणाचे जांभळे. मग खरा रंग कोणता? ही सगळी रंगसफेदी तर नव्हे?

हा प्रश्न विचारल्याबद्दल आभार, कारण या छंदातील प्रामाणिकपणा याच प्रश्नावर अवलंबून आहे.

रंगांची मांडणी दोन प्रकारची असते. पहिल्या प्रकारात लाल, हिरव्या, निळ्या फिल्टरने टिपलेला प्रकाश त्याच रंगात दाखवतात. डोळे पुरेसे संवेदनशील असते तर साधारण जसे दिसले असते तसे हे चित्र असते. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषेला एक रंग नेमून दिला जातो. गरुड तेजोमेघातील धुळीच्या स्तंभांचे १९९५ मधील प्रसिद्ध हबल चित्र असे आहे : गंधकाला लाल, हायड्रोजनला हिरवा, ऑक्सिजनला निळा. गंधकाच्या आणि हायड्रोजनच्या रेषा दोन्ही तांबड्या आहेत आणि वर्णपटात अगदी शेजारी आहेत. खऱ्या रंगात त्या एकमेकींत मिसळून जातील. रंग वेगळे दिले की कोणता वायू कोठे आहे आणि ताऱ्यांचे किरण कोठवर पोचले आहेत ते दिसते. नकाशात उंचीनुसार रंग भरतात तसेच हे आहे, आणि त्यात फसवणूक नाही.

फसवणूक होते ती रंगांची नेमणूक लपवल्याने, आणि त्याहूनही अधिक नसलेला तपशील निर्माण केल्याने. अलीकडे प्रतिमा धारदार करणारी आणि गोंगाट काढणारी प्रशिक्षित सॉफ्टवेअर सर्रास वापरली जातात. मीही ती जपून वापरतो. पण अशा प्रक्रियेनंतर धुळीचा एखादा बारीक तंतू उमटला, तर तो मूळ रचलेल्या प्रतिमेत अंधूकपणे का होईना आहे का, हे मी तपासतो. तेथे त्याचा मागमूस नसेल तर तो सोडून देतो, मग तो कितीही सुंदर दिसत असला तरी. १८८३ मध्ये अँड्र्यू कॉमन यांनी ३६ इंची परावर्ती दुर्बिणीने याच मेघाचे छायाचित्र घेतले, तेव्हा डोळ्यांना न दिसणारे तारे काचेवर उमटले होते आणि कॅमेरा डोळ्यांपेक्षा अधिक पाहू शकतो हे जगाला कळले. ते तारे तेथे होतेच, म्हणून त्या छायाचित्राला मोल आले.

छायाचित्र इतरांना दाखवताना खाली फिल्टर, एकूण वेळ आणि रंगांची नेमणूक लिहा. दोन ओळी पुरतात.

प्रश्न : या मेघात तारे जन्मताना आपल्याला प्रत्यक्ष दिसतात का?

जन्माचा क्षण दिसत नाही, कारण ती प्रक्रिया लाखो वर्षांची आहे आणि तिचा आरंभ धुळीच्या दाट आवरणाआड होतो. तिथून दृश्य प्रकाश बाहेर पडत नाही, अवरक्त प्रकाशात पाहावे लागते. पण जन्मानंतरची अवस्था तुमच्या आयपीसमध्ये असते. ट्रॅपेझियमचे तारे ज्या गुच्छात आहेत तो अवघा दहा-वीस लाख वर्षांचा आहे, तर आपला सूर्य सुमारे ४६० कोटी वर्षांचा. एम ४२ हा त्यामागे पसरलेल्या एका प्रचंड थंड मेघाच्या आपल्याकडील कडेला, या तप्त ताऱ्यांनी कोरून काढलेला पोकळ खळगा आहे. आपण त्या खळग्याच्या उजळलेल्या भिंतीकडे पाहत असतो.

हबल दुर्बिणीने १९९० च्या दशकात येथे कोवळ्या ताऱ्यांभोवती धुळीच्या चकत्या शोधल्या, ज्यांतून पुढे ग्रह घडू शकतात. काही चकत्या मागच्या उजेडावर काळ्या ठिपक्यांसारख्या दिसतात, तर ट्रॅपेझियमच्या जवळच्या काहींना किरणांच्या माऱ्याने शेपट्या फुटल्या आहेत. हौशी दुर्बिणीतून त्या दिसत नाहीत. मात्र चार तारे सुटे करून पाहाल तेव्हा त्यांच्या आसपासच्या त्या उजेडातच त्या आहेत, हे लक्षात असू द्या.

प्रश्न : मृग मावळल्यावर काय पाहावे?

धनु राशीतील एम ८, म्हणजे लगून तेजोमेघ. द्विनेत्रीतूनही तो लांबट धुरकट ठिपक्यासारखा दिसतो, आणि दुर्बिणीतून त्याच्या मधून गेलेली काळी पट्टी व शेजारचा कोवळ्या ताऱ्यांचा गुच्छ स्पष्ट होतो. त्याचा गाभा एम ४२ इतका जळत नाही, त्यामुळे एकाच लांबीच्या एक्स्पोजरवर काम भागते. दक्षिणेकडील आकाश मोकळे असेल तर नौकातल तारकासमूहातील ईटा कॅरिना तेजोमेघ अवश्य पाहा. तो एम ४२ पेक्षा आकाराने मोठा दिसतो, आणि त्याच्या मध्यभागातील काळी खाच कमी वर्धनातही ठळक असते.